१०७७ बाहेरून लागत नाही

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

परवा तुमच्या ई-पेपरमध्ये पावसाळ्यासाठीच्या इमर्जन्सी नंबरांची चौकट बघितली. जिल्हा नियंत्रण कक्षासमोर नुसता १०७७ छापलाय. पत्र त्यासाठीच आहे, पण आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर वाटेल हा माणूस एका नंबरासाठी कशाला भांडतोय.

मी चिपळूणचा, घर पेठमापात, नोकरीला शारजात. २२ जुलै २०२१ ला इथे बकरी ईदची सुट्टी चालू होती. तिकडच्या पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी अण्णांचा मेसेज आला, "पाणी ओट्याला लागलं. सामान वर घेतोय." इथे तेव्हा रात्रीचे पावणेतीन व्हायचे होते. मी लगेच टाईप केलं, आई कुठेय? त्याला एकच टिक आली आणि ती एकच राहिली. फोन करावा तर स्विच ऑफ, शेजाऱ्यांचा स्विच ऑफ, मामाचा रेंजबाहेर, आणि इथे व्हॉट्सॲप कॉल चालत नाही हे माहीत असूनही मी ते बटण किती वेळा दाबलं देव जाणे. माझा रूममेट कालुस्त्याचा, त्याच्याकडचंही सगळं बंद. दोघं सकाळपर्यंत टीव्हीपुढे बसलो, आदल्या रात्रीची बिर्याणी टेबलावर तशीच पडलेली.

टीव्हीवर काय, तर "चिपळूण पाण्याखाली" आणि बाजारपेठेची तीच क्लिप, परत परत. ती कुठली, कधीची, पाणी चढतंय का उतरतंय, कोणी म्हणून सांगत नव्हतं. शेवटी मीच क्लिप थांबवून त्यातल्या ओळखीच्या दुकानाचा बोर्ड धरला, बोर्डाची खालची ओळ बुडालेली, मग तो बोर्ड जमिनीपासून किती वर, तिथून आमची गल्ली किती खोल, असा हिशोब रूममेटने पावतीच्या मागे मांडला. उत्तर आलं की आमचा तळमजला पूर्ण गेला आणि माळ्याला बहुतेक दोन हात बाकी असतील. बहुतेक! आणि ती क्लिप सकाळी सातची का दहाची यावर सगळा हिशोब, कारण खाडीला भरती असली की वाशिष्ठी नदीचं पाणी तुंबतं हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहितीये. २००५ चा पूर आम्ही माळ्यावरच काढला होता, पण तेव्हा अण्णा सोळा वर्षांनी लहान होते. त्यात फॅमिली ग्रुपवर कोणीतरी पूल वाहून जातानाचा व्हिडीओ टाकला. काळजात धस्स झालं, नीट बघितलं तर त्यातल्या गाडीची नंबरप्लेट केरळची.

मधल्या काळात १०७७ लावत होतो. +९१ लावून, शून्य लावून, रत्नागिरीचा कोड लावून, नाहीच लागला, तीन-चार आकड्यांचे असे नंबर देशाबाहेरून लागत नाहीत हे मला नंतर कळलं. विमान पकडावं तर इकडून जाता येत होतं, पण कोविडमुळे एप्रिलपासून भारतातून यूएईत यायला बंदी, म्हणजे गेलो की नोकरी गेली. तरी तिकीट काढायला निघालो होतो, रूममेट म्हणाला मुंबईला उतरून पुढे कसा जाणारेस, पोहून?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन. अण्णा! कोणाचातरी मोबाईल मागून घेतलेला. पहिलं वाक्य काय, तर "अरे अंगणात सतरा नारळ आलेत, कोणाचे काही कळत नाही." आमच्याकडे माडाचं एक झाड नाही. मग आई बोलली, मग मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

आमचं नशीब. त्याच पावसात महाडजवळ तळिये गावावर दरड आली, तिथल्या बाहेर असलेल्या पोरांना कसले फोन आले असतील याचा विचार करवत नाही. महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलीमीटर पडला होता. कोयनेचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणी, वाशिष्ठीत किती आलं, गाळ कोणी काढला नाही, यावर नंतर पुष्कळ छापून आलं, तुम्हीही छापलंत आणि चांगलं छापलंत. पण तो वाद पाणी उतरल्यावरचा. पाणी चढत असताना आम्हाला फक्त मुरादपूर, पेठमाप, चिंचनाका, बहादूरशेख नाका एवढ्या ठिकाणी किती वाजता किती पाणी, हे हवं होतं.

कोकणातली किती घरं आखातातल्या पगारावर चालतात ते तुम्हाला मी सांगायला नको. मदतनिधीचं आवाहन असलं की आमचे फोन नंबर बरोबर सापडतात, आणि आम्ही देतोही, तक्रार नाही.

तर एक, चौकटीत १०७७ च्या खाली नियंत्रण कक्षाचा कोडसकट पूर्ण लँडलाईन नंबर द्या आणि असल्यास एक मोबाईल नंबर. दोन, पुराचा फोटो किंवा व्हिडीओ टाकाल तेव्हा खाली जागा आणि वेळ लिहा, नुसतं "चिपळूणमधील दृश्य" नको. तुमच्या वार्ताहराला गल्लीचं नाव माहीत असतंच, तोही तिथलाच असतो. चौकटीत जागा नसेल तर शेजारची "पावसाळ्यात घ्या त्वचेची काळजी" थोडी आखूड करता येईल.

आपला,
एक पेठमापकर, शारजा