अपयशाची वाट चालवून पाहिल्याशिवाय दुरुस्ती स्वीकारू नये

महोदय,

ऑपरेटिंग सिस्टीमच्या सुरक्षेविषयी आपल्या दैनिकात नुकताच आलेला लेख वाचला. व्हायरस, पासवर्ड आणि घुसखोरी यांचा त्यात चांगला परामर्श घेतला आहे. मात्र कोणीही घुसखोरी न करता ज्या दोषामुळे यंत्रे हळूहळू बंद पडतात, त्याचा उल्लेख राहून गेला आहे. कर्नलमधले, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातले, एखादे काम फसल्यावर कोडचा जो भाग चालतो, ती अपयशाची वाट. त्या भागात होणाऱ्या मेमरी लीकविषयी, म्हणजे घेतलेली मेमरी परत न केल्याने होणाऱ्या गळतीविषयी, मी लिहीत आहे. बरीच वर्षे ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) लिहिण्यात आणि इतरांचे पॅच (कोडमध्ये सुचवलेले बदल) तपासण्यात गेल्यामुळे हा विषय मला जवळचा आहे.

साध्या प्रोग्रॅमने घेतलेली मेमरी परत केली नाही, तरी तो बंद होताच कर्नल ती काढून घेतो. कर्नलने स्वतःसाठी घेतलेल्या मेमरीचा हिशेब ठेवणारा मात्र वर कोणी नसतो. तिचा पत्ता एकदा हरवला की यंत्र रीबूट होईपर्यंत ती अडकून पडते. दर मिनिटाला फक्त ४ केबी गळत असतील, तर दिवसाला सुमारे साडेपाच एमबी जातात. मोठ्या सर्व्हरला हे महिनोन्‌महिने जाणवणारही नाही, पण ५१२ एमबी मेमरीचा, कधीच बंद न होणारा एखादा राउटर याच हिशेबाने तीन महिन्यांत मेमरीला मोताद होईल. शिवाय ते काम मुद्दाम पुन्हा पुन्हा फसवणे बाहेरच्या माणसाला शक्य असेल, तर हीच गळती यंत्र ठप्प करण्याचे साधन बनते. तेव्हा सुरक्षेच्या चर्चेत तिला जागा असायलाच हवी.

दोष शिरतो कसा, ते पाहू. ड्रायव्हर सुरू होताना ‘प्रोब’ नावाचे फंक्शन चालते. त्यात आधी बफरसाठी (माहिती तात्पुरती ठेवण्याच्या जागेसाठी) मेमरी घेतली जाते, मग इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक) नोंदवला जातो, मग उपकरणाचे क्लॉक (त्याला ताल देणारा संकेत) सुरू केले जाते. क्लॉक मिळाले नाही तर एरर कोड घेऊन परत फिरायचे, आणि परत फिरताना घेतलेली प्रत्येक गोष्ट उलट्या क्रमाने सोडायची. सी भाषा ही आवराआवर आपणहून करत नाही, म्हणून लिनक्स कर्नलमध्ये फंक्शनच्या शेवटी जिन्याच्या पायऱ्यांसारखी लेबले लिहितात आणि ‘गोटू’ने योग्य त्या पायरीवर उडी घेतात. पाठ्यपुस्तकांनी ‘गोटू’ला कितीही नावे ठेवली, तरी या कामासाठी ही रचना उत्तम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. घात होतो तो पुढे. दोन वर्षांनी कोणीतरी त्या फंक्शनच्या मध्यावर एक नवी तपासणी घालतो आणि सवयीने, त्या पायऱ्यांवर न जाता, थेट ‘रिटर्न’ लिहितो. कोड कंपाइल होतो, उपकरण चालते, कोणाला काही खटकत नाही, आणि बफर मात्र मागे राहतो.

अशी वाट क्वचितच चालते, मग एवढी चिंता कशाला, असे अनेकदा ऐकायला मिळते. लहान आकाराची मेमरी मागितली असता लिनक्समध्ये ती सहसा नाकारली जात नाही, एवढ्यापुरते हे म्हणणे खरे आहे. पण काम फसण्याचे ते एकच कारण नव्हे. ज्या क्लॉकवर किंवा वीजपुरवठ्यावर आपला ड्रायव्हर अवलंबून आहे त्याचा ड्रायव्हर अजून आलेला नसेल, तर प्रोब ‘नंतर पाहू’ असा एरर देऊन परततो आणि कर्नल तो पुन्हा पुन्हा चालवून बघतो. तिथे अपयश हा रोजच्या व्यवहाराचाच भाग असतो, आणि प्रत्येक खेपेला एक बफर हरवतो.

आता मुख्य मुद्दा. या दुरुस्त्या दोन-तीन ओळींच्या असतात, त्यामुळे त्या लिहिणाराही घाईत असतो आणि तपासणाराही. मी स्वतः अशी घाई केली आहे. एका ड्रायव्हरमध्ये डिव्हाइसची नोंदणी फसली की तिच्या नावासाठी घेतलेले काही बाइट गळत होते. नोंदणीचे फंक्शन एकदा बोलावले, की ते फसले तरी डिव्हाइसची मेमरी थेट मोकळी करायची नसते, तर ‘पुट डिव्हाइस’ने तिचा संदर्भ (ती वापरात असल्याची नोंद) सोडायचा असतो, कर्नलच्या कोडमध्येच तशी सूचना लिहिलेली आहे. मी ती ओळ घातली, पण खालच्या पायरीवरचे जुने ‘केफ्री’ (मेमरी थेट मोकळी करणारे फंक्शन) काढले नाही. शेवटचा संदर्भ सुटताच मेमरी मोकळी होत होती आणि त्यानंतर तीच मेमरी दुसऱ्यांदा मोकळी केली जात होती. गळती थांबवण्याच्या नादात मी डबल फ्री घुसवला होता. गळतीने यंत्र मंदावते. डबल फ्रीने कर्नलची मेमरी बिघडते आणि हल्लेखोराला दार उघडू शकते. रिव्ह्यू करणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पूर्ण फंक्शन वरपासून खालपर्यंत वाचले, म्हणून ते वेळीच सापडले. फक्त बदललेल्या ओळी पाहून ते कधीच दिसले नसते.

साधनांची वानवा नाही. २००९ पासून लिनक्समध्ये असलेले ‘केमेमलीक’ मेमरी चाळून, ज्यांच्याकडे निर्देश करणारा एकही पॉइंटर (पत्ता) उरलेला नाही असे तुकडे दाखवते. ते तुकडा कुठे घेतला ते सांगते, कुठे सोडायला हवा होता ते सांगत नाही, आणि जी वाट चाललीच नाही तिथली गळती त्याला दिसत नाही. म्हणून फॉल्ट इंजेक्शनची, म्हणजे मुद्दाम अपयश घडवण्याची, जोड हवी: पहिल्या खेपेस मेमरीची पहिली मागणी मुद्दाम नाकारायची, दुसऱ्या खेपेस दुसरी, असे करत फंक्शनच्या प्रत्येक पायरीवरून एकदा तरी उतरून पाहायचे. ही सोय २००७ पासून हाताशी असूनही ती फार थोडे लोक वापरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. २०२३ मध्ये आलेली, व्हेरिएबलची व्याप्ती संपताच मेमरी आपोआप सोडण्याची सोय आणि २०२२ च्या अखेरीस कर्नलमध्ये दाखल झालेली रस्ट भाषा यांमुळे नव्या कोडमध्ये हा दोष कमी होईल. पण जुना कोड सीमध्ये आहे आणि तो अजून बराच काळ चालणार आहे.

म्हणून कर्नलचा कोड सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे, की लीकची दुरुस्ती म्हणून आलेला पॅच घेण्यापूर्वी ती वाट प्रत्यक्ष चालवली का आणि चालवली असल्यास कशी, हे पाठवणाऱ्याला विचारावे. उपकरण हाताशी नसल्यामुळे चालवता आली नसेल, तर तसे पॅचमध्ये लिहावे, म्हणजे तपासणारा अधिक वेळ देईल. संगणकशास्त्राच्या शिक्षकांनीही सी भाषेच्या प्रात्यक्षिकात मेमरी मिळाली नाही अशी स्थिती मुद्दाम निर्माण करावी आणि विद्यार्थ्याने त्या क्षणी काय काय परत केले, यालाही गुण ठेवावेत. आपल्या सुरक्षाविषयक लेखांच्या पुढील भागात या विषयाला थोडी जागा मिळाली, तर या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुण वाचकांना त्याचा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक ड्रायव्हर प्रोग्रॅमर