त्या काळ्या स्पंजच्या तुकड्यासाठी

स्पंजवाले दादा,
सप्रेम नमस्कार.

आमच्या घरी तुमचं हेच नाव पडलंय. माझा नऊ वर्षांचा मुलगा तुम्हाला याच नावाने ओळखतो, म्हणून पत्रही तिथूनच सुरू करते.

जुलैतल्या त्या शनिवारी तुमची शोभेच्या माशांचं दुकान बंद करायची वेळ झाली होती. मी भिजत आले आणि मोबाइलवरचा फोटो तुमच्यापुढे धरला. गोल्डफिशच्या अंगावर रवा सांडावा तसे पांढरे ठिपके होते. "यावर असेल ते औषध द्या," एवढंच मी म्हणाले. तुमच्या मागच्या फळीवर बाटल्यांची रांग होती. त्यातली एक काढून दिली असती, तर मी मुकाट्याने पैसे देऊन निघाले असते. तुम्ही मात्र विचारलंत, "ताई, टाकीतलं पाणी आणलंय का?"

मासा दाखवायला आलेय आणि हे पाणी मागताहेत, याचं मला तेव्हा नवल वाटलं. घरी जाऊन बाटली भरून आणेपर्यंत तुम्ही अर्धं शटर ओढून थांबलात. काचेच्या नळीत ५ मिली पाणी घेतलंत, थेंब टाकलेत, नळी हलवून बाजूला ठेवलीत. पाच मिनिटांत पिवळं पाणी गडद हिरवं झालं. रंगांचा कागद शेजारी धरून तुम्ही म्हणालात, "अमोनिया ४ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत चार. इथे शून्य पाहिजे." मग पीएच, म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कपणा, पाहिला, तो ८ च्या आसपास निघाला. तेव्हा तुमचा चेहरा उतरला. पीएच ७ चा ८ झाला, तर तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, हे मला त्या रात्री कळलं. आमच्या सोसायटीला खडकवासल्याचं पाणी पुरत नाही, म्हणून इमारतीच्या टाकीत बोअरचं आणि टँकरचं मिसळतात. बादलीवर पांढरा थर चढतो ते आम्ही रोज बघतो, पण त्याचा माशांशी काही संबंध असेल हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग तुम्ही विचारत गेलात आणि मी सांगत गेले. ५० लिटरची टाकी. दुसऱ्या एका दुकानातून आणलेले चार गोल्डफिश आणि सहा मॉली, टाकी भरली त्याच संध्याकाळी सोडलेले. "आजच सोडा, काही होत नाही," असं तिथे सांगितलं होतं. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. आम्ही सगळं पाणी ओतून दिलं, खडी आणि फिल्टर नळाखाली खसाखसा धुतला, स्वच्छ पाणी भरलं. सकाळी दोन मॉली तळाशी पडलेल्या होत्या. मुलगा शाळेत गेला नाही.

हे ऐकून तुम्ही मला रागावला नाहीत. काउंटरवर बोटाने एक गोल काढलात. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया येतो, उरलेलं खाणं कुजलं की आणखी येतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मासा बऱ्यापैकी सोसतो आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आमची वस्ती नुकती कुठे बसू लागली होती, ती आम्ही क्लोरीनच्या पाण्याखाली धुऊन टाकली. मला तेव्हा रडू आलं. घर स्वच्छ ठेवायचं म्हणजे घासायचं, हेच मला माहीत होतं.

"मासा आजारी आहे, पण आधी पाणी आजारी आहे. आत्ता औषध टाकलंत तर या पाण्यात ते झेपणार नाही." हे तुमचे शब्द. मग तुम्ही आतल्या खोलीत गेलात आणि वनस्पतींच्या टाकीतल्या फिल्टरचा काळपट, चिखलासारखा वास येणारा स्पंज काढून कात्रीने अर्धा कापलात. विक्रीच्या टाक्यांतला देणार नाही, तिथे रोज नवे मासे येतात, त्यांचे रोगही येतील. या टाकीत सहा महिन्यांत नवा मासा गेलेला नाही, असं तुम्ही बजावलंत. टाकीच्याच पाण्यात भिजवून पिशवीत बांधून दिलात. सुकू देऊ नका, धुऊ नका, थेट आमच्या फिल्टरमध्ये बसवा. किती पैसे, असं विचारल्यावर म्हणालात, "याचे काय पैसे!" त्या रात्री तुम्ही मला फक्त अँटिक्लोरीनची, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणाऱ्या औषधाची, छोटी बाटली विकलीत.

दादा, धंद्याच्या वेळी समोरच्याला लागेल तेवढंच विकणं सोपं नाही. आम्हा दोघांच्या नोकऱ्या आहेत, महिनाअखेर कशी असते ते मला ठाऊक आहे. म्हणून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

पुढचे दिवस तुम्ही सांगितलेत तसेच काढले. दोन दिवस खाणं बंद. रोज १५ लिटर पाणी बदलायचं. नवं पाणी आधी बादलीत, त्यात अँटिक्लोरीन, हात घालून दोन्ही पाणी सारखंच कोमट-गार आहे ना हे बघून मगच हळूहळू ओतायचं. तिसऱ्या दिवशी अमोनिया १ वर आला, सहाव्या दिवशी पाव. मधल्या काळात एक गोल्डफिश आणि एक मॉली गेली. तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही "वाचतील हो" असं खोटं बोलला नाहीत. कल्ले जळलेले असतील तर काही जातील, बाकीच्यांकडे लक्ष द्या, म्हणालात. मला ते बरं वाटलं.

पाणी जरा सावरल्यावरच तुम्ही ठिपक्यांकडे वळलात. ठिपका म्हणजे कातडीखाली घर केलेला परजीवी. तिथे असेपर्यंत त्याला औषध लागू पडत नाही. तो पिकून तळाशी पडतो, कोशात शिरतो, फुटून त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत पोहू लागतात. मारायची ती त्याच वेळी. पाणी ऊबदार असलं की हे चक्र आठवडाभराच्या आत उरकतं, म्हणून हीटर २८ अंशांवर. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस. आणि आयोडीन नसलेलं खडेमीठ, लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे आमच्या टाकीला १५० ग्रॅम, तेही दोन दिवसांत थोडं थोडं विरघळवून. १५ लिटर पाणी काढलं की ४५ ग्रॅम परत घालायचं. हा हिशेब मुलाने त्याच्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर मांडला, तो अजून आहे.

पाचव्या दिवशी ठिपके गेले. मी हीटर काढणार होते. तुम्ही फोनवर जवळजवळ ओरडलात, "अजून दहा दिवस!" ठिपके दिसेनासे झाले तेव्हा तो फक्त तळाशी उतरला होता, हे मी विसरले होते. त्या ओरडण्याचेही आभार. तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट चढलं, त्यालाही तेच मीठ आड आलं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, असं तुम्ही समजावलं होतं. ऑगस्टच्या शेवटी दोन्ही नळ्या स्वच्छ दिसल्या, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मुलाने त्यांचा फोटो काढून आजीला पाठवला.

दहातले सहा वाचले. तीन गोल्डफिश तुमच्या सल्ल्याने तुमच्याच चार फुटी टाकीत आलेत, कारण ते वीतभर वाढतात आणि नीट राहिले तर दहा वर्षांहून जास्त जगतात. आमची टाकी त्यांना पुरली नसती. मुलगा आधी कबूल होईना. तुम्ही खाली बसून त्याला म्हणालात, "मासे तुझेच, जागा माझी." तीन मॉली आमच्याकडे आहेत, आणि परवापासून जावा मॉस या पाणवनस्पतीत इवलाली पिल्लंही दिसताहेत. मोजून अकरा.

तुमचा स्पंज अजून फिल्टरमध्येच आहे. दर पंधरा दिवसांनी टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा दाबून परत बसवते. रविवारी आम्ही दोघं गोल्डफिशना भेटायला येतोय. आधी दुकानातली गर्दी ओसरू द्या, मग या, असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून दुपारी तीनला येऊ. पाण्याची बाटली बरोबर असेल.

तुमची,
अर्ध्या शटरखाली भिजत उभी राहिलेली ताई