शनिवारच्या प्रार्थनेविषयी आई-बाबांस

प्रिय आई व बाबा यांस,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

आईचे पत्र पोहोचले. गिरणीवाल्याने दळण न घेताच डबा परत पाठवला, बाबांविरुद्ध कोणीतरी निनावी अर्ज केला म्हणून त्यांना चौकीवर बोलावून ताटकळत ठेवले, आणि आता शनिवारची प्रार्थनासभा चालू ठेवावी की घराला कुलूप लावून काही महिने आमच्याकडे चिंचवडला यावे, असे तिने विचारले आहे. फोनवर हा विषय निघाला की आईचा गळा दाटून येतो आणि बाबा पावसापाण्याचे बोलू लागतात, म्हणून मला काय वाटते ते सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे येणे म्हणजे विश्वासात माघार घेणे, असे बाबांच्या मनात असणार. तसे मुळीच नाही. एका गावात तुमचा छळ झाला तर दुसऱ्या गावी जा, हे प्रभूनेच आपल्या शिष्यांना सांगितले आहे, आणि प्रेषित पौलालाही दिमिष्कातील (दमास्कसमधील) शिष्यांनी रात्री पाटीत बसवून तटावरून खाली उतरवले होते. बाबा, तुम्ही मला लहानपणी स्मुर्ण्याच्या पॉलिकार्पची गोष्ट सांगत असा, रोमी राजवटीत विश्वासासाठी मारल्या गेलेल्या त्या वृद्ध बिशपची. 86 वर्षे मी ज्याची सेवा केली आणि ज्याने माझे कधीही वाईट केले नाही, त्या माझ्या राजाची निंदा मी कशी करू, हे ख्रिस्ताची निंदा कर म्हणजे सोडतो असे म्हणणाऱ्या रोमी अधिकाऱ्याला त्याने दिलेले उत्तर मला तेव्हाच पाठ झाले होते. गेल्या आठवड्यात मी ती हकिगत पुन्हा शांतपणे वाचली. त्याच्या मृत्यूनंतर स्मुर्ण्याच्या ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) फिलोमेलियम गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ती आली आहे, आणि त्या प्रसिद्ध उत्तराच्या आधी जे घडले ते मला आता, या वयात, अधिक मोलाचे वाटते.

शहरात त्याच्या नावाने ओरडा सुरू झाला तेव्हा पॉलिकार्प शहरातच थांबणार होता; परंतु लोकांनी आग्रह केला म्हणून तो जवळच्या एका शेतावर जाऊन राहिला, आणि तेथे शोध सुरू झाल्यावर दुसऱ्या शेतावर गेला. त्याच पत्रात क्विंटस नावाच्या एका माणसाचाही उल्लेख आहे. तो स्वतः होऊन पुढे आला, आणखी काही जणांनाही त्याने पुढे आणले, आणि रिंगणातील हिंस्र पशू पाहताच त्याचे धैर्य गळाले. जे आपण होऊन स्वतःला पकडून देतात त्यांची आम्ही प्रशंसा करत नाही, असे ती मंडळी तेथे स्पष्ट लिहिते. ज्या मंडळीने नुकताच आपला वृद्ध अध्यक्ष (बिशप) गमावला होता तिने हे लिहावे, याचा मला फार आधार वाटतो. दुःख शोधत जाणे हे विश्वासूपणाचे लक्षण त्यांनी मानले नाही.

पुढे एका शुक्रवारी, संध्याकाळच्या जेवणाच्या सुमारास, घोडेस्वार शिपाई त्या दुसऱ्या शेतावर पोहोचले. तो माडीवर पडून होता. तेथूनही निघून जाणे त्याला शक्य होते. पण आता देवाची इच्छा होवो, असे म्हणून तो खाली आला आणि त्या शिपायांशी बोलत बसला. आलेल्यांना हवे तेवढे खायला-प्यायला वाढा, असे त्याने घरच्यांना सांगितले, आणि स्वतःसाठी फक्त तासभर प्रार्थनेची सवड मागितली. ती मिळाल्यावर तो उभा राहून दोन तास प्रार्थना करत राहिला, आणि ते ऐकून अशा म्हाताऱ्या माणसाला धरायला आपण आलो याचे त्या शिपायांपैकी अनेकांना वाईट वाटले. छळाच्या इतिहासात रिंगण, आग आणि तलवार यांच्याविषयी पुष्कळ सांगितले जाते. मला मात्र त्या स्वयंपाकघरातील माणसांचा विचार मनातून जात नाही, ज्यांनी आपल्या धन्याला न्यायला आलेल्यांची ताटे वाढली.

आई, हे वाचताना तू सारखी डोळ्यांसमोर येत होतीस. ज्या गिरणीवाल्याने तुझा गव्हाचा डबा दारातूनच परत पाठवला, त्याच्याच आईच्या पायाच्या जखमेचे ड्रेसिंग तू आजही एक दिवसाआड करतेस, हे तुझ्या पत्रात एका ओळीत आले आहे, आणि त्याच्या पुढच्याच ओळीत कापसाचे भाव वाढल्याचे लिहिले आहेस. सेवानिवृत्त झाल्यावरही त्या घरी जाताना तू आधी साबणाने हात कोपरापर्यंत धुतेस, पट्टी सोडवताना त्या आजींना नातवाविषयी विचारत राहतेस, म्हणजे त्यांचे लक्ष दुखण्याकडे जात नाही. हे मी स्वतः पाहिले आहे. डबा परत आल्यानंतरच्या पहिल्या दिवशीही तू तशीच गेली असणार. माझ्या लेखी तुमच्या घराची साक्ष ती हीच, आणि शनिवारची सभा चालो अथवा न चालो, ती कोणाला थांबवता येणार नाही.

आता निनावी अर्जाविषयी. बाबा, त्या दिवसाची लाज तुम्ही बाळगू नये. नव्या करारातील पेत्राचे पहिले पत्र ज्यांना लिहिले ते पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या, आजच्या तुर्कस्तानातील, प्रांतांचे विश्वासणारे मुख्यतः निंदेनेच गांजलेले होते. शेजाऱ्यांची दूषणे, जुन्या सोबत्यांची टिंगल हेच त्यांचे रोजचे दुःख होते. त्याच बिथुनियात, इ. स. 112 च्या सुमारास, प्लिनी या रोमी अधिकाऱ्याकडे ख्रिस्ती लोकांच्या नावांची निनावी यादी आली. चौकशीत त्याला समजले ते एवढेच की, ही माणसे ठरलेल्या दिवशी पहाटे एकत्र येऊन ख्रिस्ताची स्तोत्रे गातात, चोरी व व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात आणि नंतर साधे अन्न मिळून खातात. एवढे काढून घेण्यासाठी त्याने मंडळीतील दोन सेविकांचा शारीरिक छळ केला. सम्राट ट्रेजनने ख्रिस्ती लोकांना शिक्षा देण्यास मुभा दिली खरी, तरी निनावी आरोप मुळीच विचारात घेऊ नयेत, असे त्यानेही उत्तरात कळवले. तुमच्या घरी दर शनिवारी दार लावून काय चालते, हा प्रश्न इतका जुना आहे.

पेत्र त्याच पत्रात एक कठोर अटही घालतो, आणि ती आपण स्वतःला लावून पाहिली पाहिजे. खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कोणी दुःख भोगू नये, आणि आशेविषयी कोणी विचारले तर सौम्यतेने व आदराने उत्तर द्यावे, असे तो सांगतो. आपल्या सभेत कोणाच्या देवाविषयी अनुदार शब्द निघत नाही, औषध थांबवा असे कोणा आजाऱ्याला सांगितले जात नाही, कोणाला पैशाचे वा नोकरीचे आमिष दाखवले जात नाही. हे मला ठाऊक आहे, तरी नव्याने येणाऱ्या तरुणांनाही ते समजावून सांगावे. या बाबतीत मला कवी नारायण वामन टिळकांचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. त्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन पंढरपूरला राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या तेव्हाही त्यांनी आपले सोवळे सांभाळले, आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला तो 1900 साली, त्यांचे स्वतःचे मन वळल्यानंतर. तुकोबांचे ऋण टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावरही उघडपणे मानले. ज्या समाजाने त्यांना दूर केले त्याच्यावर त्यांनी राग धरला असता, तर आज आपल्या उपासनेत गातो ती त्यांची गीते आपल्याला मिळालीच नसती.

सौम्यता म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे असेही नाही. पौलाने फटके मारायला निघालेल्या शताधिपतीला आपले रोमी नागरिकत्व सांगितले आणि पुढे कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. संविधानाचे 25 वे कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार प्रत्येकाला देते. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले आहे, आणि तेही आपण ध्यानात ठेवावे. परंतु आपल्या घरात प्रार्थना करण्याला त्या निकालाने बाधा येत नाही. म्हणून बाबा, पुन्हा बोलावले तर एकटे जाऊ नका. पाळकसाहेबांना आणि गावातील आणखी एका प्रतिष्ठित गृहस्थांना बरोबर न्या, जे सांगाल ते लेखी द्या आणि प्रतीवर पोहोच घ्या.

माझे मत विचाराल तर सभा चालू ठेवावी. ध्वनिवर्धक नको, वेळ रात्री आठऐवजी संध्याकाळी सहाची असावी, आणि दार उघडे ठेवावे, म्हणजे ज्याला पाहायचे आहे त्याने आत येऊन बसावे. मात्र आईचा रक्तदाब पुन्हा वाढला किंवा कोणी अंगावर धावून आले, तर त्याच दिवशी मला कळवा. गाडी घेऊन आम्ही दोघे येऊ, आणि मग काही आठवडे चिंचवडला राहण्याबद्दल बाबांनी वाद घालू नये. तोवर दळणाची अडचण नको म्हणून दर महिन्याला पीठ मी इथून पाठवत जाईन. ज्वारीचे किती आणि गव्हाचे किती, ते आईने कळवावे.

तुमची,
लेक