गवंड्याचे हात धरणारी कॅप्सूल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यात माझे औषधांचे दुकान आहे. ‘घसा धरलाय, चार कॅप्सूल कापून द्या’ असे म्हणणारा एक तरी माणूस रोज येतो. त्याला हवी असते ती जिवाणू मारणारी अँटिबायोटिक कॅप्सूल. कात्री लावली की औषधाचे अर्धे नाव गिऱ्हाईकाकडे जाते, मुदतीची तारीख माझ्याकडच्या तुकड्यावर राहते. चिठ्ठीशिवाय घेऊ नये म्हणून पाकिटावर जी उभी लाल रेघ असते, ती कशासाठी आहे हे आजवर मला कुणीही विचारलेले नाही.

माणसे अडाणी नाहीत. ही कॅप्सूल पोटात जाऊन करते काय, हे त्यांना कुणी त्यांच्या भाषेत सांगितलेले नाही. माझ्याकडे येणारी माहितीपत्रके कन्नड आणि इंग्रजीत असतात. कन्नड हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका वाचतात ते मराठी.

आमच्याकडे वीटभट्ट्या आणि कौलांचे कारखाने असल्याने मी भिंतीचेच उदाहरण देतो. जिवाणूच्या पेशीभोवती भिंत असते. पेशीच्या आत दाब इतका असतो की भिंत कच्ची पडली तर पाणी आत शिरून ती फुटते. ही भिंत साखरेच्या लांब साखळ्यांची. त्या साखळ्या अमिनो आम्लांच्या आखूड दुव्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, आणि हे बांधकाम ‘ट्रान्सपेप्टिडेज’ नावाचे विकर (एन्झाइम) करते. हा झाला गवंडी. जिवाणू वाढताना जुनी भिंत जागोजागी उकलावी लागते. ते काम दुसरी विकरे करतात. उकलणे आणि बांधणे सतत जोडीने चालते.

पेनिसिलीन आणि अमॉक्सिसिलीन यांची ठेवण त्या दुव्याच्या टोकासारखीच असते. गवंडी दुवा समजून औषध हातात घेतो आणि ते त्याच्या हाताला कायमचे चिकटते. बांधणे थांबते, उकलणे मात्र चालूच राहते. भिंत विरते आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून आपल्या पेशी वाचतात. (कुणाला पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असते, ती डॉक्टरांना आधी सांगावीच.) साधी सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. त्यांना ना भिंत, ना गवंडी. तिथे ही कॅप्सूल काहीच करत नाही.

हे सगळे मला शिकताना पाठ होते. तरी आठ वर्षांपूर्वी मेव्हण्याचा फोन आला, ‘पोरीचा घसा दुखतोय’, आणि मी सहा कॅप्सूल कापून पाठवल्या. दोन दिवसांत ताप उतरला. उरलेल्या दोन कॅप्सूल फडताळात तशाच राहिल्या. तीनेक आठवड्यांनी भाचीचा गुडघा सुजला, तो उतरतो तोवर घोटा. मिरजेला नेले तेव्हा कळले की घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूपायी संधिवाताचा ताप आला होता आणि हृदयाच्या झडपेला इजा झाली होती. त्या घशाला दहा दिवसांचे औषध हवे होते आणि त्याआधी डॉक्टर. आज ती सतरा वर्षांची आहे. तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन घेते.

त्या दिवसापासून मी कात्री बंद केली.

अपुऱ्या डोसाने जिवाणू निर्ढावतात, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारताना दिला होता. तसेच झाले. काही जिवाणू औषधच तोडणारे विकर बनवतात. काही स्टॅफिलोकोकस जिवाणू तर पेनिसिलीन ज्याच्या हाताला चिकटत नाही असा दुसराच गवंडी कामाला लावतात. सेफिक्सिमसारख्या अँटिबायोटिक औषधांसाठी २०१४ पासून रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावाची नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे, म्हणजे कायदा आहेच. पण मी नाही म्हटले की गिऱ्हाईक चार पावले पुढच्या दुकानात जाते. सीमेलगतच्या सर्व दुकानदार बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे की आपण सगळ्यांनी मिळून नाही म्हणू या.

आणि आपल्याला विनंती अशी की दर आठवड्याला एक छोटी चौकट या औषधांसाठी द्यावी, ठळक टायपात आणि सोप्या मराठीत. मजकूर मी लिहून देतो, आपण तो डॉक्टरांकडून तपासून घ्यावा.

आपला,
एक औषध विक्रेता,
खानापूर तालुका, जि. बेळगाव