नवीन मत्स्यालय बांधताय तर आधी आपला समुद्र दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाबद्दल पेपरात अधूनमधून काहीतरी छापून येतं, कधी जुनी इमारत पाडणार, कधी नवीन वर्ल्ड क्लास मत्स्यालय होणार, काचेचा बोगदा असणार, इतके कोटी खर्च येणार. प्रत्येक बातमीत मी एकच गोष्ट शोधते, की हे मत्स्यालय नक्की करणार काय, म्हणजे समुद्रातल्या जिवांसाठी काय करणार आणि तिकीट काढून आत आलेल्या माणसाला काय सांगणार. ते कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून हे पत्र, थोडं मोठं झालंय, पण शक्य असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गातली बरीच मुलं समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात, पण समुद्रात कोण राहतं विचारलं की शार्क, डॉल्फिन, ऑक्टोपस, क्लाऊनफिश अशी टीव्हीवर पाहिलेली नावं पटापट येतात. निवटी म्हटलं की सगळे गप्प. खाडीच्या चिखलात उड्या मारणारा, पाण्याबाहेर श्वास घेऊ शकणारा, कांदळवनातला हा मासा आपल्या ठाणे खाडीत, गोराईला, वसईला ढिगाने असतो आणि मुलांना तो माहीतच नाही, यात मुलांची काय चूक, त्यांना कोणी दाखवलाच नाही. कोळीवाड्यातून येणारी एक-दोन मुलं असतात त्यांना माहीत असतं आणि तेवढ्या एका तासापुरता सगळा वर्ग त्यांच्याकडे वळून ऐकतो.

तारापोरवाला १९५१ साली सुरू झालं, राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते उद्घाटन झालं होतं. तेव्हा आठ लाख खर्च आला आणि त्यातले दोन लाख तारापोरवालांनी देणगी म्हणून दिले. मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांनी पहिला जिवंत समुद्री मासा तिथेच पाहिला असेल, गावाहून पाहुणे आले की राणीची बाग आणि मत्स्यालय हे ठरलेलंच होतं. मग २०१५ ला मोठं नूतनीकरण झालं, बारा फुटांचा बोगदा आला, लोकांनी रांगा लावल्या. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे दारं बंद झाली, पुढे इमारतच धोकादायक ठरली. आज पहिली-दुसरीत असलेल्या मुलांसाठी ते फक्त बस स्टॉपचं नाव उरलंय. एवढ्या मोठ्या समुद्राकाठच्या शहराला हे शोभत नाही, आणि नवीन लवकर व्हावं असं मलाही मनापासून वाटतं. पण घाईघाईत परदेशी रंगीत मासे आणि सेल्फी पॉइंट एवढंच होऊन बसू नये, कारण ही संधी पुन्हा पन्नास वर्षांनीच येईल.

मत्स्यालय म्हणजे नुसतं बघायचं ठिकाण असं आपण धरून चाललोय. जगात काही ठिकाणी त्याहून खूप जास्त काम झालंय. कॅलिफोर्नियातलं मॉन्टेरे बे मत्स्यालय १९८४ ला सुरू झालं, माशांचे डबे भरायच्या एका बंद पडलेल्या जुन्या कारखान्याच्या जागेवर. तिथल्या किनाऱ्यावरचे समुद्री ऑटर, म्हणजे आपल्या पाणमांजराचे समुद्रात राहणारे नातेवाईक, फरच्या व्यापारापायी जवळजवळ संपले होते, १९३८ मध्ये तिथल्याच बिग सर नावाच्या भागात किनाऱ्याला पन्नासेक उरलेले सापडले. मत्स्यालयाने काय केलं, तर आईपासून तुटलेली पिल्लं आणली आणि ज्या माद्या काही कारणाने परत समुद्रात सोडता येत नव्हत्या त्यांच्याकडे ती पिल्लं वाढवायला दिली, माणसाचा लळा लागू नये याची काळजी घेतली, आणि मोठी झाल्यावर जवळच्या एल्कहॉर्न स्लू नावाच्या खाडीत सोडली. २०१९ मध्ये अभ्यास छापून आला, त्या खाडीत पंधरा वर्षांत ऑटरची संख्या जी वाढली त्यातली निम्म्याहून जास्त वाढ या पिल्लांमुळे आणि त्यांच्या पुढच्या पिल्लांमुळे होती. त्याच मत्स्यालयाने १९९९ पासून कुठला मासा खावा, कुठला सध्या टाळावा याची छोटी कार्डं लोकांच्या हातात द्यायला सुरुवात केली, आणि ती खिशात घालून लोक हॉटेलात जाऊ लागले.

दुसरं उदाहरण इंडोनेशियातल्या राजा अंपात बेटांचं. तिथे झेब्रा शार्क बेसुमार मासेमारीने जवळजवळ दिसेनासे झाले होते. पण जगभरच्या मत्स्यालयांत हे शार्क होते आणि अंडी घालत होते, मग ती अंडी विमानाने राजा अंपातला पाठवली, तिथल्या लोकांनी ती उबवून पिल्लं वाढवली आणि २०२३ च्या जानेवारीत पहिली पिल्लं समुद्रात सोडली. हा शार्क आपल्या समुद्रातही आहे. काचेमागच्या प्राण्याचं नातं बाहेरच्या समुद्राशी जोडलं की मत्स्यालयाचा अर्थच बदलतो.

आता कोणी म्हणेल की अमेरिकेतलं इथे कसं होणार, पैसा कुठून येणार. माझं म्हणणं असं की बरंचसं इथे आधीच चालू आहे, फक्त एका छपराखाली लोकांना दिसत नाही. डहाणूला जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे, पावसाळ्यात जाळ्यात अडकून पाय तुटलेली कासवं किनाऱ्याला लागतात त्यांना तिथे नेतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून कासवांची घरटी राखण्याचं काम चालू आहे. २०२२ मध्ये आपल्या कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्यांना सॅटेलाइट टॅग लावले, पहिलीचं नाव प्रथमा ठेवलं होतं. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि ओडिशात २०२१ ला टॅग लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला येऊन अंडी घालून गेली! पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा इथली कासवं वेगळी असं आपण समजत होतो, त्या एका मादीने विचार करायला लावलं. नवीन मत्स्यालयात एका भिंतीवर हे प्रवास नकाशात दाखवा आणि शेजारी बरं होत असलेलं एखादं कासव ठेवा, ते किती दिवसांनी परत समुद्रात जाणार हे मोठ्या अक्षरात लिहा. मुलं तारीख लक्षात ठेवून पुढे काय झालं विचारायला परत येतील.

ऐरोलीला कांदळवन विभागाचं केंद्र आहे, तिथे शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी, म्हणजे पैदास केंद्र आहे. हे महत्त्वाचं आहे, कारण दुकानात मिळणारे गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक फार्ममध्ये वाढवलेले असतात पण खाऱ्या पाण्यातले बहुतेक अजूनही प्रवाळातून पकडून आणतात. क्लाऊनफिशची पैदास जमते, तर मत्स्यालयात तेवढाच मासा ठेवा जो पैदास केलेला आहे, आणि ते लिहा. समुद्रातून उपसून आणलेल्या माशांच्या टाकीसमोर उभं राहून समुद्र वाचवा म्हणण्याला काही अर्थ नाही. डॉल्फिनचे शो केंद्राने २०१३ मध्येच बंद केले ते अगदी योग्य झालं, मरीन ड्राइव्हवरून कधीकधी खरे डॉल्फिन दिसतात, त्यासाठी गच्चीवर दुर्बिणी लावा.

पापलेटचं सांगते. २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून जाहीर झाला, त्याच वर्षी सरकारने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, पापलेटला १३५ मिलिमीटर, त्याहून लहान पकडायचा नाही, विकायचा नाही. आता बाजारात जाऊन बघा, किती गिऱ्हाइकांना हे माहीत आहे? बारकी पापलेटं स्वस्त मिळाली म्हणून आपण खुश होऊन घेतो, त्यांनी एकदाही अंडी घातलेली नसतात. नियम मोडला म्हणून फक्त कोळ्यांना बोल लावणं सोपं आहे, पण घेणारा आहे म्हणून विकला जातो. जिवंत पापलेट टाकीत सांभाळणं सोपं नाही हे मान्य, फार नाजूक मासा आहे, मग मॉडेल ठेवा, भिंतीवर खऱ्या मापाचं पापलेट, सुरमई, घोळ, बोंबील रंगवा आणि पोरांना हाताने मापू द्या. घरी जाऊन ती आईबापाला बाजारात थांबवतील, मुलांनी एकदा मनावर घेतलं की काय होतं ते मी फटाक्यांच्या बाबतीत पाहिलंय.

गोड्या पाण्याकडे तर कोणाचं लक्षच नाही. लोणावळ्याला वळवणला टाटांच्या हॅचरीत महाशीर या नदीतल्या माशाची पैदास सत्तरच्या दशकापासून होतेय, लाखो पिल्लं देशभर गेली, निळ्या पराचा महाशीर आज धोक्यातल्या यादीतून बाहेर आहे. मोठं काम आहे ते. पण हीच पिल्लं कावेरीतही सोडली गेली आणि तिथला मूळचा कुबडा महाशीर मागे पडला, त्याला शास्त्रीय नाव २०१८ मध्ये मिळालं आणि आज तो अतिधोक्यात आहे. पैदास करून कुठेही सोडलं म्हणजे संवर्धन झालं असं नसतं, कोणाचं घर कुठलं हे आधी बघावं लागतं, आणि ही गोष्ट लोकांना समजेल अशी मांडली पाहिजे, लपवू नये. महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहात देवाचे मासे म्हणून महाशीर कोणी पकडत नाही, ती जुनी पद्धतही तिथेच सांगा.

याला जोडूनच घरच्या टाकीचा विषय. कंटाळा आला की लोक टाकी साफ करणारा सकर मासा नाहीतर लाल कानाचं कासव जवळच्या तलावात सोडून देतात, पुण्य केलं असं त्यांना वाटतं. उजनीच्या मच्छीमारांना विचारा सकर माशाने काय करून ठेवलंय, जाळी फाटतात आणि त्याला भावही मिळत नाही. मत्स्यालयाने अशी नको झालेली जनावरं जमा करून घ्यायचा एक काउंटर काढावा, दर रविवारी उघडा ठेवला तरी चालेल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सांगणारं माणूस. आपल्याकडच्या बऱ्याच मत्स्यालयांत टाकीवर एक पाटी असते, माशाचं इंग्रजी नाव, लॅटिन नाव, संपलं. लोक टाकीसमोर येतात, फोटो काढतात, पुढे जातात. तिथे एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला की ही बघा पाकट, हिची शेपटी का टोचते माहितीये, की लोक थांबतात आणि प्रश्न विचारतात. हे काम कोळीवाड्यातल्या शिकलेल्या मुलामुलींना द्या. डोल जाळं कसं लावतात, भरती-ओहोटी कशी बघतात, पूर्वी कुठला मासा कुठे मिळायचा हे त्यांच्या घरात आहे. संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि जाळं कापून सोडला तर राज्य सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं, २०१८ पासूनची योजना आहे, त्यात व्हेल शार्क आणि कासवं सोडलेले आपले मच्छीमार आहेत, त्यांचे फोटो आणि नावं त्यांना विचारून लावा. आणि ओहोटीच्या वेळी मुलांना बाहेर खडकांवर न्या, हाजी अली आणि वरळीला प्रवाळ आहेत, कोस्टल रोडच्या वेळी २०२० मध्ये अठरा प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या होत्या, ही गोष्ट मुंबईकरांनाच माहीत नाही. २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबईची मंडळी किनाऱ्यावर लोकांना घेऊन फिरतात, त्यांना सोबत घ्या.

माझी मागणी साधी आहे. टेंडर निघण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाने आराखडा लोकांपुढे ठेवावा, त्यात किती मासे समुद्रातून पकडून आणणार, किती पैदास केलेले, वर्षाच्या बजेटमधला किती भाग संवर्धनाला आणि किती शिकवण्याला, पाट्या मराठीत असणार की नाही, हे स्पष्ट लिहावं. मनपा शाळांच्या मुलांना फुकट प्रवेश असावा आणि त्यांना आणायला बसही असावी, नाहीतर फुकट तिकिटाचा उपयोग नाही. आराखडा आला की आम्ही चार-पाच शाळांचे शिक्षक बसून सूचना लिहून द्यायला तयार आहोत.

आपली,
एक शिक्षिका, गिरगाव