इंजिन खोलण्याआधी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पानांवर नव्या गाड्यांबद्दल भरपूर मजकूर असतो. जुनी, दोन-तीन हात फिरलेली एसयूव्ही घेऊन तिचं इंजिन घरीच दुरुस्त करू पाहणाऱ्याच्या हाती मात्र फारसं काही लागत नाही. अशा लोकांची सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे काही न मोजता इंजिन खोलणं. धूर दिसला की पिस्टनच्या रिंगा गेल्या, पाणी उकळलं की हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पातळ पॅकिंग) उडालं, गाडीखाली ऑइलचा डाग पडला की क्रँकचं मागचं सील गेलं, असं आधीच ठरवून पाना हातात घेतला जातो. मग जे काम एका थर्मोस्टॅटवर (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेवर) भागलं असतं त्यासाठी हेड खाली येतं, आणि तुटलेले स्टड, आटे गेलेली भोकं, ओरखडे पडलेला फेस (गॅस्केट बसण्याचा सपाट पृष्ठभाग) ही नवी दुखणी त्यात भर घालतात. म्हणून काही ठोस गोष्टी सविस्तर लिहीत आहोत.

सुरुवात गरम होण्याच्या तक्रारीपासून करू, कारण जुन्या एसयूव्हीत तीच सर्वाधिक दिसते. गाडी नेमकी कधी तापते हे आधी नीट पाहावं. कोंडीत, हळू चालताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर. गाडीच्या लांबीला बसवलेल्या इंजिनांत पंख्याला बहुधा व्हिस्कस फॅन क्लच, म्हणजे आत घट्ट ऑइल असलेला जोड असतो. इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवावा. तो जड लागला पाहिजे. एक-दोन फेऱ्या मोकळा घुमत राहिला, तर क्लचमधलं सिलिकॉन ऑइल गेलेलं आहे. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं, म्हणजे श्राउड, फुटलेलं किंवा कुणीतरी काढून टाकलेलं असेल तरीही हेच होतं, कारण पंखा मग रेडिएटरमधून हवा न ओढता आजूबाजूचीच हवा घुसळत बसतो. उलट, चढावर किंवा वेगात तापत असेल तर रेडिएटर आतून चोंदलेला असण्याची शक्यता जास्त.

रेडिएटर कॅपकडे तर कोणी बघतच नाही. ती साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवते आणि त्या दाबामुळे पाण्याचा उकळबिंदू १०० वरून १२० अंशांच्या आसपास जातो. रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही आणि धडधाकट इंजिनही पाणी बाहेर फेकतं. थर्मोस्टॅट तपासायला पातेल्यात पाणी, दोरीला लटकवलेला थर्मोस्टॅट आणि एक थर्मामीटर पुरतो. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांदरम्यान उघडू लागतात, नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा उपाय मात्र करू नये. इंजिन थंडच चालत राहतं, इंधन जास्त पितं, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं आणि सिलिंडर लवकर झिजतात.

एवढं ठीक निघालं तर गॅस्केटचा विचार. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणजे गॅस्केट गेलंच, असं नाही. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर आत साचलेल्या दमटपणामुळेही ती साय धरते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ आहे का, पाणी बाहेर कुठेही न गळता कमी होतं का, थंड इंजिन सुरू केल्याबरोबर रेडिएटरचे होज दगडासारखे कडक होतात का, हे पुरावे जास्त भरवशाचे. पेट्रोल इंजिनासाठी रासायनिक चाचणीही सोपी आहे. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावाची नळी धरून आतली हवा त्यातून ओढायची. ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर निळा द्राव पिवळा पडतो.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरात तयार होणारा दाब. पेट्रोल इंजिन गरम करून बंद करावं, हात लावता येईल इतकं निवू द्यावं, मग सगळे स्पार्क प्लग काढावेत. फ्युएल पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइलचे कनेक्टर काढून ठेवावेत, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावून पाच-सहा दणके बसेपर्यंत सेल्फ मारावा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, नाहीतर शेवटच्या सिलिंडरचा आकडा उगाच कमी येतो आणि तोच दोषी ठरतो. धडधाकट पेट्रोल इंजिन साधारण १० ते १३ बार देतं, डिझेल २५ ते ३२ बार. डिझेलचा गेज वेगळा, तो ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकात बसतो. एकूण आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर तिथे दुखणं आहे. पेट्रोलमध्ये त्या सिलिंडरात चमचाभर, म्हणजे ५ ते १० मिली ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर वॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट. डिझेलमध्ये हा ऑइलचा प्रयोग करू नये. त्याच्या ज्वलनकक्षात जागाच इतकी कमी असते की द्रव अडकून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

याहून नेमकं उत्तर लीक-डाउन चाचणी देते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सर्वांत वरच्या जागी, दोन्ही वॉल्व्ह बंद असताना) आणून सिलिंडरात कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. एअर फिल्टरकडून हवा सुटताना ऐकू आली तर इनलेट वॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. हवा सोडताना क्रँकच्या बोल्टवर पाना लावलेला ठेवू नका. क्रँक झटक्यात फिरतो आणि पाना हातावर बसतो.

ऑइल गळतीबद्दल एकच सांगणं: आधी ब्रीदर पाहा. क्रँककेसमधला वायू बाहेर नेणारी नळी किंवा पीसीव्ही वॉल्व्ह चोंदला की आतला दाब वाढतो आणि जो सील सर्वांत कमजोर असेल तिथून ऑइल बाहेर ढकललं जातं. अशा वेळी गिअरबॉक्स उतरवून नवीन सील बसवलं तरी काही दिवसांत तेही गळू लागतं. शिवाय मागच्या सीलची म्हणून जी गळती दिसते, ती कित्येकदा वरच्या टॅपेट कव्हरची (हेडवरच्या झाकणाची) असते. ऑइल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत खाली येतं. इंजिन स्वच्छ धुऊन, वाळवून संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि थोडी चक्कर मारावी. पावडरवरची ओली रेघ वरपर्यंत माग काढत नेते.

डिझेल एसयूव्हीच्या बाबतीत एका लहानशा भागावर थोडं जास्त लिहिणं भाग आहे, कारण त्याच्यामुळे अख्खी इंजिनं गेली आहेत. इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा वॉशर असतो. तो जुना झाला, किंवा इंजेक्टर काढून तोच वॉशर परत वापरला, की ज्वलनाचा वायू बाजूने निसटतो. थंड इंजिन सुरू करताना फुसफुस असा आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा, कडक थर जमतो. ज्या इंजिनांत इंजेक्टर टॅपेट कव्हरच्या आत असतात, तिथे ही काजळी थेट ऑइलमध्ये मिसळते. तिचे तुकडे चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर साचत जातात. जाळी अर्धी बुजली तरी गाडी नेहमीसारखी चालते. फक्त सकाळी ऑइलचा दिवा विझायला एखाद-दोन सेकंद जास्त घेतो. त्या उशिराकडे दुर्लक्ष झालं तर पुढे टर्बो आणि बेअरिंग कोरडे पडतात. म्हणून अशी गाडी घेतली की चेंबर उतरवून जाळी डोळ्यांनी पाहावी. इंजेक्टर काढला की वॉशर नवाच, आणि बसायची जागा कटर किंवा ब्रशने चकचकीत करावी. साफ करताना खालच्या भोकात ग्रीसचा बोळा ठेवावा, म्हणजे कार्बन सिलिंडरात न पडता त्याला चिकटून बाहेर येतो.

मोजमापं करूनही हेड उतरवायचं ठरलंच, तर घाई सोडून द्यावी. गरम इंजिनाचं हेड कधीही ढिलं करू नये. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं आणि गरम असताना सुटलं की वाकतं. बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करत, दोन-तीन फेऱ्यांत सोडावेत. बसवताना उलट, मधून बाहेर. हेड उतरल्यावर त्याच्या फेसवर सरळपट्टी लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीची पाती) सरकवून पाहावा. मर्यादा इंजिनानुसार बदलते, पण बहुतेक ठिकाणी ती ०.०५ ते ०.१ मिमीच्या आत असते. जास्त वाक असेल तर फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला पाठवावं. काही डिझेल हेडना फेसिंगची परवानगीच नसते, हे मॅन्युअलमध्ये आधी पाहून घ्यावं. डिझेलचं गॅस्केटही वेगवेगळ्या जाडीत येतं. कडेला खाचा किंवा भोकं असतात, त्यावरून जाडी ओळखायची. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे डायल गेजने मोजून त्याप्रमाणे गॅस्केट निवडायचं. पातळ बसलं तर वॉल्व्ह पिस्टनला लागतात, जाड बसलं तर कॉम्प्रेशन पडतं आणि गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देते.

जुनं गॅस्केट खरवडायला ड्रिल किंवा ग्राइंडरवरची खरखरीत चकती वापरू नका, हे हात जोडून सांगणं आहे. फेस छान चकाकतो, पण चकतीचे बारीक कण ऑइलच्या वाटांत जातात आणि नव्या कामानंतर थोड्याच अंतरात बेअरिंग खाऊन टाकतात. प्लॅस्टिकचं स्क्रेपर, गॅस्केट रिमूव्हर आणि वेळ, एवढंच वापरा. ब्लॉकमधली बोल्टची भोकंही कोरडी करा. तळाला ऑइल किंवा पाणी राहिलं आणि त्यावर बोल्ट आवळला तर द्रवाला जायला जागा नसते आणि ब्लॉकच तडकतो. कापडाचा बोळा, हवा, पुन्हा बोळा, असं प्रत्येक भोकासाठी.

बोल्ट आवळताना टॉर्क पान्याशिवाय (लावलेला जोर दाखवणाऱ्या पान्याशिवाय) काम नाही. लावलेल्या जोरापैकी साधारण ९० टक्के आटे आणि डोक्याखालच्या घर्षणातच जातो, प्रत्यक्ष आवळणीला उरतो तो फार थोडा. म्हणूनच आटे गंजलेले असतील, किंवा कोरडे ठेवायचे ते ऑइल लावून बसवले, तर पान्यावरचा आकडा तोच राहूनही पकड बदलते. याच कारणाने बऱ्याच इंजिनांत आधी ठरावीक न्यूटन-मीटर आणि मग ९०-९० अंशांचे टप्पे दिलेले असतात. असे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात, त्यामुळे ते दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. नवेच घ्यावेत.

क्रँक आणि वॉल्व्ह यांची चाल जुळवणाऱ्या टायमिंग बेल्टबद्दल थोडक्यात. मागच्या मालकाने बदलल्याचा कागद नसेल तर बदललेला नाही असंच धरावं. बेल्ट ताणून धरणारा टेंशनर, त्याला वाट देणारी आयडलर पुली आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंप यांसह बदलावा. बेल्ट बसल्यावर क्रँक हाताने, पान्याने, पूर्ण दोन फेऱ्या फिरवून सगळ्या खुणा पुन्हा जुळतात का पाहावं. मध्येच कुठे कडक अडकलं तर जोर न लावता तिथेच थांबावं.

सुरक्षिततेत तडजोड नको. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नये, सपाट आणि कडक जमिनीवर स्टँड लावावेत. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढावी. कॉमन रेल डिझेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणाऱ्या इंजिनाच्या) इंधनाचा दाब १६०० बार आणि त्याहूनही जास्त असतो, त्यामुळे चालू इंजिनात पाइप ढिला करून पाहायची जुनी पद्धत इथे जीवघेणी आहे. बारीक धार कातडीत घुसली तर वर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत हात सडतो. लगेच रुग्णालय गाठावं. कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं, म्हणून लहान मुलं आणि जनावरं यांच्यापासून ते लांब ठेवावं.

सगळं जोडून झाल्यावर इंधन आणि स्पार्क तोडून सेल्फ मारावा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत, १० सेकंदांहून जास्त न चालवता, मध्ये थांबत. टर्बो असेल तर त्याच्या ऑइल पाइपमधून थोडं ऑइल आधीच सोडावं. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून, गाडीचं तोंड चढाकडे करून कूलंटमधली हवा काढावी. हीटरमधून गार वारा येत असेल तर हवा अजून आत आहे. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरवर काढावं आणि जुना फिल्टर फेकण्याआधी कापून उघडावा. कागदाच्या घड्या एकेक उलगडून उन्हात धराव्यात. राखाडी गाळ चालेल, पण तांबूस किंवा चंदेरी चमक दिसली तर गाडी तशीच चालवू नये, चेंबर पुन्हा उतरवावं.

आपले नम्र,
इंजिन दुरुस्तीच्या कामातले काही वाचक