पोस्टरखाली नाव पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी पुरवणीत जुन्या सिनेमांच्या पोस्टरवर पानभर लेख आला, फोटो पण मस्त होते, पण एकाही पोस्टरखाली ते कुणी केलं त्याचं नाव नाही. खटकलं म्हणून लिहितोय. मी अठरा वर्षं मिरजेत डीटीपी आणि फ्लेक्सची कामं करतोय, आणि रात्री दुकान बंद केलं की पोलंडची पोस्टरं बघत बसतो, अगदी झूम करकरून, आणि तिथं बहुतेक पोस्टरांवर कुठंतरी कोपऱ्यात चित्रकाराची सही सापडतेच.

दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या राजधानीचा, वॉर्सा शहराचा पार ढिगारा झाला होता. त्या पडक्या भिंतींवर आणि बांधकामांच्या कुंपणांवर ही पोस्टरं लागायची. सरकारी फिल्म कंपनीनं हेन्रिक तोमाशेव्स्की आणि बाकीच्या चित्रकारांना पोस्टरांचं काम दिलं तेव्हा नटनट्यांचे चेहरे लावायची सक्ती त्यांनी मानली नाही, आणि १९४८ ला व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात एकट्या तोमाशेव्स्कींना पाच पहिली बक्षिसं मिळाली! पुढं १९५२ ते १९८५ त्यांनी वॉर्साच्या आर्ट अकादमीत शिकवलं, फ्रान्सहून पोरं यायची त्यांच्या हाताखाली शिकायला.

आता तादेउश त्रेपकोव्स्कीचं १९५२ चं युद्धविरोधी पोस्टर बघा. निळं आकाश, वरून पडणारा एक बॉम्ब, आणि त्या बॉम्बच्याच आकारात आत एक उद्ध्वस्त घर, खाली एकच शब्द, "नाही!" बास. माझ्याकडं येणारं गिऱ्हाईक म्हणतं जागा रिकामी दिसतेय, अजून दोन फोटो टाका, तेव्हा मला हे पोस्टर आठवतं. किंवा यान लेनित्साचं १९६४ चं 'वोझेक' ऑपेराचं, त्यात लालभडक डोकं आणि उघडं तोंड, भोवती रेषांच्या लाटाच लाटा, बघूनच किंकाळी ऐकू येते. १९६६ ला वॉर्सात पहिलं आंतरराष्ट्रीय पोस्टर बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं प्रदर्शन) भरलं त्यात त्याला सुवर्णपदक मिळालं. सर्कशीची पोस्टरं तर वेगळीच मजा, माचेय उर्बानेत्सनं मोनालिसालाच कसरत करायला लावलीये.

हे जमलं कसं, तर तिथं तेव्हा कम्युनिस्ट राजवट, सगळं सरकारी असल्यामुळं तिकीटविक्रीचं टेन्शन नव्हतं, हिरो मोठा करा म्हणणारा निर्माता नव्हता. सेन्सॉर मात्र होता, परवानगीशिवाय काही छापता यायचं नाही, म्हणून जे तोंडानं बोलता येत नाही ते चित्रात घालायची सवय लागली. त्या राजवटीचं कौतुक करायचं नाहीये मला, लोकांनी खूप सोसलं तिथं. पण त्या जाचातसुद्धा ही माणसं रस्त्यावरच्या माणसाला हुशार समजून काम करत होती, हे मला फार मोठं वाटतं. आणि १९८९ च्या ४ जूनच्या निवडणुकीला तोमाश सार्नेत्स्कीनं 'हाय नून' या हॉलिवूडच्या सिनेमातला गॅरी कूपरचा शेरीफ घेतला, त्याच्या हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका दिली आणि मागं लाल अक्षरात सॉलिडॅरिटीचं, म्हणजे त्या सरकारविरुद्ध उभ्या राहिलेल्या कामगार संघटनेचं नाव. माझ्या अंगावर अजून काटा येतो.

त्यांची अक्षरं पण बऱ्याचदा हातानं काढलेली, चित्राचाच भाग असल्यासारखी. आपल्याला हे नवीन नाही, कमल शेडगेंनी काढलेली नाटकांची नावं आपण वर्षानुवर्षं पेपरच्या जाहिरातींतच बघितली की! शेडगेंचं नाव तरी माहिती आहे लोकांना, बाकी किती जणांचं आहे?

पोलंडनं १९६८ ला वॉर्सातल्या विलानुवच्या राजवाड्याच्या आवारात पोस्टरांचं म्युझियम उघडलं. तेवढं मी मागत नाही. तुम्ही फोटोखाली फोटोग्राफरचं नाव देता, तसं नाटका-सिनेमाचं पोस्टर छापाल तेव्हा बारीक अक्षरात का होईना ते करणाऱ्याचं पण द्या. आणि त्या लेखातल्या पोस्टरांची नावं पुढच्या रविवारी देता आली तर बघा, शोधायला माझ्यासारखे दोन-चार जण नक्की मदत करतील.

आपला नियमित वाचक,
मिरज